जाऊबाईंचे जंतू

परवा सकाळी शेजारच्या गच्चीवरून वास आला आणि माझ्या हातातला चहा तसाच निवला. भिजत घातलेल्या ज्वारीचा वास. ज्यानं तो कधी घेतला नाही त्याला सांगून कळायचा नाही. आंबट, उबट, आणि त्याच्या मागून कुठून तरी गोडसर. फाल्गुन लागला की आमच्या बुऱ्हाणपुरात घरोघरी बादल्यांमधून ज्वारी आंबत पडते. ती वाटायची, जिरं, तीळ, लसूण घालून मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा, आणि उन्हात ओल्या कापडावर त्याचे बिबडे, म्हणजे मोठाले पापड, थापायचे. शनवाऱ्यातल्या आमच्या गल्लीत या दिवसांत खालून पावरलूमची खटखट येते आणि वरून बायकांच्या हातांची थपथप. घाटा गरम असतो, म्हणून हात सारखा गार पाण्यात बुडवावा लागतो, आणि प्रत्येक गच्चीवर पाण्याचं एक भगुणं असतंच.

बाकीच्या बायकांना या वासानं माहेर आठवत असेल. मला जाऊ आठवते. आणि जाऊ आठवली की माझा जळफळाट होतो. लपवून काय करू? गेल्या वर्षीच्या बिबड्यांच्या दिवसांत मी तिचा जो हेवा केला, तसा आयुष्यात कुणाचा केला नाही. लोक सोन्यावरून जळतात, साडीवरून जळतात, सुनेवरून जळतात. मी जळले ती अशा वस्तूवरून, की जिचं नाव काढलं तरी आपण नाकाला पदर लावतो. माझ्या जावेच्या मळावरून!

हसा. मीही आता हसते, अधूनमधून.

माझी लेक पल्लवी. एकुलती एक. गेल्या वर्षी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. दिवाळीनंतर तिचं पोट बिघडलं ते बिघडलंच. आधी वाटलं बाहेरचं खाल्लं असेल, मग रक्त पडायला लागलं. खंडव्याला दाखवलं, मग इंदूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. मोठ्या आतड्याला आतून सूज आहे, जखमा आहेत, कोलायटिस म्हणतात, असं कळलं. गोळ्या सुरू झाल्या. थोडं बरं वाटे आणि पुन्हा उलटे. संक्रांतीपर्यंत पोरगी अशी झाली, की तिच्या कुर्त्यांना मी स्वतः टाके मारून मारून थकले. तिच्या गळ्याची हाडं मला दिसायची आणि मी दुसरीकडे बघायची. जेवायला बसली की ताटाकडे अशी पाहायची, जसं कुणी तिला शिक्षा वाढलीय.

आणि माझं घर कसं, तर गल्लीत विचारा. माझ्या घरी शिळं उरत नाही. भाजी मिठाच्या पाण्यात भिजल्याशिवाय सुरीखाली जात नाही. पाणी उकळून, मग मशीनमधून, मग झाकून. पल्लवी लहान असताना उन्हाळ्यात डोईफोडियाला जायची, थोरल्या दिरांच्या शेतावर, तेव्हा मी तिच्यासोबत पाण्याच्या बाटल्या बांधून द्यायची. माझी जाऊ, निर्मलाताई, त्या बाटल्या बघून पदर तोंडाला लावून हसायची. "काय माय, आमच्या विहिरीचं पाणी का इख आहे का?" म्हणायची. बाटल्या जशाच्या तशा परत यायच्या. पोरगी मात्र गाल वर आलेली, पायाला माती, केसांत केळीच्या बागेतला चिकटा, आणि बोलणं सगळं तिकडचं. "मम्मी, मले भूक लागू राह्यली." मी तिला आधी मोरीत न्यायची आणि घासघासून धुवायची.

तिकडे ती जावेला मोठी आई म्हणते. थोरल्या काकूला आमच्याकडे तसंच म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण कधी कधी फोनवर ती "मोठी आई!" असं ओरडून बोलायला लागली, की स्वयंपाकघरात माझ्या हातातलं भांडं जरा जोरात आपटायचं.

जाऊ काही वाईट बाई नाही. हेच तर दुखणं आहे. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. माझ्याहून थोडीशीच मोठी, काळी, उंच, हाडापेरानं मजबूत. तिची दोन्ही मुलं कामाला बाहेरगावी. घरात ती, दीर, केळीची बाग, कपाशी आणि दोन म्हशी. सकाळी रात्रीची भाकरी ताकात कुस्करून खाणार. वर ठेचा. दुपारी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. आंबलेलं, शिळं, कच्चं, पडलेलं, सगळं चालतं. मी तिच्याकडे जेवले की दोन दिवस ओव्याचं पाणी पीत बसायची. तिला कधी साधी ढेकर आलेली मी ऐकली नाही.

आता ते पोटाच्या तपासणीचं सांगते. हल्ली माझ्या दुकानात येणाऱ्या बायका तेच विचारतात. इतवाऱ्यात माझं मॅचिंग सेंटर आहे; ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. साडीचा काठ हातात घेऊन येतात, रंग जुळवून घेतात, आणि जाता जाता हळूच म्हणतात, "भाभी, ती पोटातल्या जंतूंची टेस्ट तुम्ही केली होती ना? आम्ही पण करावी का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. "तुमच्या डॉक्टरनं सांगितली का? नाही ना? मग हा काठ घ्या आणि घरी जा."

कारण आधी आम्हीही घरी मागवली होती. यांना मोबाइलवर दिसली. 'हे' म्हणजे माझे मिस्टर, बिजली ऑफिसात आहेत आणि मोबाइलवर जे दिसेल त्यावर त्यांचा विश्वास. डबी आली, पल्लवीनं त्यात नमुना घालून पाठवला, आणि रंगीबेरंगी रिपोर्ट आला. पोटाला चक्क मार्क दिलेले! नापासाच्या जवळपास. सोबत काय खावं याची यादी. त्यातली निम्मी नावं बुऱ्हाणपूरच्या भाजीबाजारात कुणी ऐकलेली नव्हती. तरी यांनी दोन पावडरी मागवल्या. पल्लवीनं एक घोट घेतला आणि बेसिनकडे पळाली.

इंदूरच्या डॉक्टरांपुढे यांनी तो रिपोर्ट मोठ्या ऐटीत ठेवला. डॉक्टर इंदूरचे जुने मराठी, बोलतात अर्धं हिंदीत. त्यांनी तो उलटूनपालटून पाहिला, नीट पाहिला, आणि बाजूला सारला. "देखिए, चित्र चांगलं आहे. पण यावरून मी औषध लिहू शकत नाही. पोटात कोण कोण राहतं हे आता कळायला लागलंय. त्यातला कोण चांगला, कोणाला किती ठेवायचं, हे अजून आम्ही शिकतोय." मग म्हणाले, "गोळ्या चालूच राहतील. त्यांच्या जोडीला एक गोष्ट करून बघू. सगळ्यांना लागू पडते असं नाही. काहींना पडते."

ती गोष्ट म्हणजे ही. निरोगी माणसाचा मळ घ्यायचा, तपासायचा, पाण्यात कालवून गाळायचा, आणि नळीनं पोरीच्या आतड्यात सोडायचा. एकदा नाही, काही आठवडे, पुन्हा पुन्हा. त्यातले जंतू तिच्या पोटात घर करून राहिले तर सूज उतरते. ऐकून यांचा चेहरा पांढरा पडला. मी पदर नाकाला लावला. आणि पुढच्याच क्षणी मी खुर्चीवर पुढे सरकले, कारण मला वाटलं, हे तर माझंच काम. मी आई आहे. हिला दूध मी पाजलं, रक्त लागलं असतं तर मी दिलं असतं. मळ तर मळ.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात सगळ्यात ठणठणीत कोण?"

आणि माझी लेक माझ्याकडे न बघता म्हणाली, "मोठी आई."

बसले ना मी तिथंच! यांना साखर, म्हणजे ते बाद. राहिलो आम्ही दोघी. डॉक्टर म्हणाले, दोघींना बोलवा, दोघींची तपासणी करू, जिचं बसेल तिचं घेऊ. पुढच्या आठवड्याची तारीख दिली. घरी येताना बसमध्ये पल्लवी माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती, इतकी हलकी, जशी ओढणी पडलीय. मी खिडकीतून केळीच्या बागा बघत होते आणि मनात एकच ठरवत होते. या बाबतीत मी मागे राहणार नाही.

आमच्याकडे मोठ्या कामाला बसायचं तर आधी पोट साफ करतात. शाळा उघडायच्या आधी पोरांना एरंडेल, उपासाच्या आधी एरंडेल, लग्नाआधी नवरीला सुद्धा. घरात पाहुणे येणार तर आपण खरकटी भांडी ठेवतो का? मग माझ्या पोटात डॉक्टर डोकावणार, जंतू मोजणार, आणि मी तशीच जाऊ? मी एरंडेल घेतलं. जंताची गोळी घेतली. आणि वर चौकातल्या मेडिकलवाल्याला म्हटलं, "भैया, पोटातले जंतू मारायची चांगली स्ट्राँग गोळी द्या. पूर्ण कोर्स." त्यानं विचारलंही नाही की कशाला. मी कोर्स पुरा केला. पथ्य पाळलं. इंदूरला गेले तेव्हा मला इतकं स्वच्छ वाटत होतं, जसं देवघर पुसून बसलेय.

तिथल्या मॅडमनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. साखर? नाही. कावीळ कधी? नाही. गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक?

"हो!" मी म्हटलं. "कालच कोर्स संपवला. खास याच्यासाठी."

मॅडमचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग उठून डॉक्टरांना घेऊन आल्या. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. "वहिनी, आम्हाला जंतूच तर पाहिजे होते. तुम्ही सगळे मारून आलात." गेल्या वेळी अँटिबायोटिक न घेण्याच्या सूचना सांगितल्या होत्या म्हणे. असतील सांगितल्या. मी तेव्हा 'मोठी आई' हे दोन शब्द ऐकत होते, दुसरं काही मला ऐकू येत नव्हतं. "आता तीन महिने तुमचं जमणार नाही," ते म्हणाले. "आणि पल्लवीला तीन महिने थांबवून चालणार नाही."

बाजूच्या खुर्चीवर जाऊ बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. "मी तं काहीच नाही केलं वं माय," ती घाबरून म्हणाली. "घरून निघाली तशी आली." तिला वाटलं, तिचंच काही चुकलं.

तिचं सगळं ठीक आलं. रक्त ठीक, रोगाचा एक जंतू नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की ही तपासणी पक्की, हिच्याशिवाय पुढे जातच नाही. आणि दुसरी ती, कोणत्या जातीचे किती राहतात ती, आपण आपल्या अभ्यासासाठी करतो. पण तीही दाखवताना त्यांचे डोळे चमकलेच. "इनके पेट में बहुत वैरायटी है," म्हणाले. पडद्यावर जावेच्या पोटाची पट्टी आली, जंतूंच्या एकेका जातीला एकेक रंग. काय रंग! हिरवे, जांभळे, मोरपंखी, शेंदरी, राणी, एकाला लागून एक, बारीक बारीक. मी विचारलं, हे कळण्याच्या भाकरीनं का? शिळ्यानं? विहिरीच्या पाण्यानं? म्हणाले, "ते मी सांगू शकत नाही. कदाचित नुसतं नशीब." भाकरीनं असतं तर मीही भाकरी खाल्ली असती. नशिबाशी कशी भांडू?

मग आम्ही दवाखान्याजवळ एक खोली घेतली आणि ते दिवस सुरू झाले. दुकान बंद, हे येऊन-जाऊन. जाऊ आली ती हातात झाकणाची बादली घेऊन. तिची ज्वारी घरी भिजत पडली होती. दिरांच्या भरवशावर सोडली तर वाया जाईल, म्हणून बाईनं बादली बसमध्ये मांडीवर धरून इंदूरपर्यंत आणली! बसमधल्या लोकांनी काय सहन केलं असेल ते देव जाणे. खोलीत शिरल्या शिरल्या तो वास भिंतींना चिकटला. मी खिडक्या उघडल्या. पल्लवी मात्र पडल्या पडल्या म्हणाली, "आहाहा, मोठी आई, बिबडे?" कितीतरी दिवसांनी तिनं खाण्याच्या वस्तूचं नाव घेतलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, की जाऊबाईंचं खाणं बदलू नका. घरी जे खातात तेच, तसंच. म्हणजे मला ते करावं लागलं. जिनं उभ्या जन्मात शिळं ठेवलं नाही, तिनं रोज संध्याकाळी मुद्दाम दोन भाकरी उरवायच्या. ताक आंबट होऊ द्यायचं. ठेचा कुटायचा. मी कळण्याचं पीठ मळायची आणि माझे दात आवळलेले असायचे. कधी कधी वाटे, टाकावी एक मूठ तिखट जास्तीची. पण त्या ताटातलं पुढे कुठं जाणार, हे मला ठाऊक होतं. असं बांधलेलं वैर कुणाच्या नशिबी येऊ नये. तिला एक मिरची जास्त घालायची सोय नव्हती मला.

"तू करू राह्यली अन् मी खाऊ राह्यली, मले कसंतरी होते," ती म्हणायची.

"खा ताई, पोटभर खा," मी म्हणायची. आणि ती घास चावत असताना मी तिच्या गळ्याकडे बघत राहायची.

आणि सकाळ! सकाळी सगळ्या घराचे प्राण तिच्या संडासात. दवाखान्यातून वेळ ठरलेली, स्वच्छ डबा दिलेला. एके दिवशी तिला होईचना. मी गरम पाणी दिलं, पेरू दिला, मग बाहेर उभी राहून दाराशी तोंड नेऊन, "ताई, झालं का हो?" लग्नाला इतकी वर्षं झाली, मी या बाईपुढे कधी मान वाकवली नव्हती. आतून आवाज आला, "तू उभी राह्यली तं कशी होईन माय? जाय ना तिकडे!" मी गच्चीच्या पायरीवर जाऊन बसले. झालं तेव्हा तिनं डबा असा बाहेर आणला, जसं नैवेद्याचं ताट. आणि मी, सोवळ्याओवळ्याची मी, तो दोन्ही हातांनी घेतला. घेताना मला किळस आली नाही. मला वाटलं, हे माझं का नाही!

बिबडे तिनं घरमालकिणीच्या गच्चीवर घातलेच. घरमालकीण आधी नाक मुरडून आली आणि नंतर स्वतः तिच्या शेजारी बसून थापायला लागली. असं आहे माझ्या जावेचं. कुठंही जाते आणि तिथलीच होते. त्या दिवशी उन्हं कोवळी होती, चुलीवर घाटा खदखदत होता, लसणाचा वास वर पाणीटाकीपर्यंत गेला होता. मी खाली पल्लवीसाठी खीर करत होते, केशर घालून, आमच्याकडे आजारातून उठवायला करतात तशी. खीर घेऊन वर गेले तर पल्लवी गच्चीवर, जावेच्या शेजारी पाट टाकून बसलेली. वाटीत घाटा, त्यावर कच्चं तेल. बोटांनी खात होती. खालमानेनं, घाईघाईनं, लहानपणी खायची तशी. मला बघून म्हणाली, "मम्मी, और है क्या, विचार ना मोठी आईला."

मी दिवाळीपासून या एका क्षणासाठी मारुतीला, तापीमाईला, कुणाकुणाला सांगून ठेवलं होतं. तो क्षण माझ्यासमोर होता. माझे डोळे भरून आले. आणि खरं सांगू, त्याच वेळी माझ्या मनात आलं, माझ्या हातची खीर का नाही? दोन्ही एकदमच आलं. आधी कोणतं, नंतर कोणतं, ते मला आजही सांगता येत नाही. खीर मी आणि घरमालकिणीनं खाल्ली.

उन्हाळा सरत आला तेव्हा रक्त थांबलं होतं. वजन वर येत होतं. दुर्बिणीतून बघितलं, जखमा भरत होत्या. डॉक्टरांनी पुन्हा ती जंतूंची तपासणी केली, आणि पडद्यावर एकाखाली एक तीन पट्ट्या लावल्या. पहिली पल्लवीची, आजारातली. मळकट, दोनच रंग, धुऊन धुऊन विटलेल्या परकरासारखी. दुसरी जावेची. तिसरी पल्लवीची, आत्ताची.

रंग ओळखणं हा माझा धंदा आहे. लोक काठ घेऊन येतात आणि मी न बघता ताग्यावर हात ठेवते. फिक्यात फिका, गडदात गडद, मला एका नजरेत कळतो. तिसऱ्या पट्टीतला तो मोरपंखी मी ओळखला. तो जांभळा, त्याच्या बाजूचा तो शेंदरी. नुसते जुळत नव्हते, तेच होते. एकाच ताग्यातले. माझ्या मुलीच्या पोटात माझी जाऊ राहायला गेली होती.

"आणि यात माझं कुठलं?" मी विचारलं.

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. "तुमची पट्टी काढलीच नाही ना आपण," ते म्हणाले.

"नाही, म्हणजे ती माझी आहे. माझ्यापासून तिला काही मिळालंच असेल."

"हो, हो," ते म्हणाले, "बाळाला पहिले जंतू आईकडूनच मिळतात." आणि लगेच, माझा चेहरा बघून, "पण वहिनी, असा हिशोब नसतो. आणि पट्टी जुळली म्हणून ती बरी झाली, असंही मी म्हणणार नाही. बरी झाली हे मी तिच्याकडे बघून सांगतो." त्यांनी बोट दाखवलं. पल्लवी बाहेर बाकावर बसून फोनवर कुणाशी तरी हसत होती. कुणाशी, हे मला विचारायची गरज नव्हती.

जन्मली तेव्हा सगळे म्हणाले होते, आईवर गेली. नाक माझं, कपाळ माझं, राग सुद्धा माझा. बाहेरून अजूनही तशीच आहे. आतून ती आता कुणावर गेली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. कुणाला सांगायला जावं तर लोक हसतात. यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, जंतू ते जंतू. त्यात कसलं आलं माझं-तुझं?" पुरुषांना काय! पल्लवीला तर चिडवायला विषयच मिळाला. भूक लागली की म्हणते, "मम्मी, मला नाही, माझ्यातल्या मोठ्या आईला भूक लागलीय." मी बघितलं की, "यार मम्मी, जलो मत ना!" जावेच्या कानावर गेलं तर ती म्हणते, "तुह्या पोरीत मी राहू राह्यली बाप्पा, अन् भाडं भी नाही देत." सगळे हसतात. मीही हसते. मग भांडी घासायला जाते.

आणखी एक आहे, ते कुणालाच सांगितलेलं नाही. माझे तीन महिने झाले, तसा मी इंदूरला फोन केला. मॅडमना म्हटलं, "आता माझं चालेल. एकही गोळी घेतलेली नाही. कधी येऊ?" मॅडम हसल्या. "अरे वा, पण आता पल्लवीला गरजच नाही. मस्त आहे ती. डॉक्टरसाहेबांनी थांबवलं." मी हो म्हटलं, थँक्यू म्हटलं, फोन ठेवला. आणि ठेवता ठेवता मला वाईट वाटलं. आईला, लेक बरी झाली म्हणून! एक क्षणभरच. पण त्या क्षणात मला हवं होतं, की तिला पुन्हा लागावं आणि ते माझं लागावं. मी गल्ल्यावर तशीच बसले. समोर गिऱ्हाईक राणी रंग मागत होती आणि मी तिला मरून काढून दिला.

तेव्हा मला हेव्याची खरी भीती वाटली. तोपर्यंत मी त्याला घरातलंच मांजर समजत होते, गुरगुरतं आणि झोपतं. त्या दिवशी कळलं, याला नखं आहेत आणि ती माझ्या लेकीपर्यंत पोचतात. जावेला फोन केला आणि उगीचच केळीचा भाव विचारला. ती बराच वेळ बोलत राहिली. मी ऐकत राहिले.

हेवा गेला नाही. जाईल असंही दिसत नाही. या वर्षी पुन्हा ज्वारी भिजलीय, वास आला आणि हेवा आपल्या जागेवरून उठून बसलाच. पल्लवी परीक्षा झाली की डोईफोडियाला पळणार, बिबडे घालायला. गोळ्या अजून चालू आहेत, डॉक्टर म्हणतात की हे दुखणं परतही येऊ शकतं, म्हणून मी तिच्या ताटावर नजर ठेवते. पण पाण्याच्या बाटल्या आता बांधून देत नाही.

गेल्या महिन्यात त्याच मॅडमचा फोन आला. त्यांच्याकडे एक पेशंट आहे, डोनर मिळत नाही. "तुम्ही तेव्हा इतक्या मनानं तयार होता, म्हणून आठवण झाली." मी म्हटलं, अहो, मी तर रिजेक्ट माल. म्हणाल्या, या तर खरं. गेले. यावेळी एरंडेल नाही, गोळी नाही, काही नाही. घरून निघाले तशी. रक्त दिलं, नमुना दिला, प्रश्नांची उत्तरं दिली. काल दुपारी दुकानात असताना फोन वाजला. सगळं ठीक आलंय, रोगाचं काही नाही, पुढच्या आठवड्यापासून या.

माझ्या हातात अस्तराचा तागा होता तो मी खाली ठेवला. "कोण आहे हो पेशंट?"

"नाव नाही सांगता येत. एक मुलगी आहे. पल्लवीएवढीच."

"तिला आई नाही?"

"आहे ना. पण तिला स्वतःलाच कायमची औषधं चालू आहेत, तिचं चालत नाही. रोज येऊन विचारते, कोण देणार, कुठली बाई आहे, कशी आहे." मग मॅडमनी मलाच विचारलं, "काय सांगू तिला?"

"काही सांगू नका," मी म्हटलं. "जळेल ती माझ्यावर. जळू दे. पोरगी जेवायला लागली, की तेवढं मला कळवा."